थबक

लाकडी जमिनीच्या दोन फळ्यांमधल्या फटीत राळेचा एक खडा अडकला होता — वाटाण्याएवढा, मधाच्या रंगाचा, एका अंगाने चुरडलेला — आणि स्टुलावर बसल्यापासून तिची नजर पुन्हा पुन्हा तिथेच जाऊन टेकत होती. नाचताना बूट घसरू नयेत म्हणून मुली तळव्यांखाली राळ रगडतात आणि उरलेली तशीच टाकून देतात. एरवी तिने वर्ग थांबवून तो खडा उचलायला लावला असता. आज थांबवावंसं वाटत नव्हतं. आज तिला मुली पाठमोऱ्या पाहायच्या होत्या — पाहायच्या होत्या असं नव्हे, पाहाव्या लागत होत्या. कारण समोरच्या भिंतीवरचा आरसा कडेने पारा उडाला म्हणून काल कामगार उतरवून घेऊन गेले होते, आणि त्याच्यामागून निघालेल्या फिकट, चौकोनी भिंतीपुढे उभं राहून काही करून दाखवण्यात अर्थ नव्हता. शिवाय डावा गुडघा सकाळपासून फुगलेला. तेव्हा ती मागे, दाराशी, पाय लांब करून बसली होती.

इतक्या वर्षांत आपण यांना मागून कधी पाहिलंच नाही, हे तिच्या ध्यानात आलं. शिकवणारा नेहमी पुढे असतो. त्याला विद्यार्थ्यांचे चेहरे दिसतात, आणि चेहरा हा शरीराचा सगळ्यात खोटारडा भाग आहे, असं तिचं जुनं मत होतं.

"डाव्या पायावर वळण," ती म्हणाली. "सावकाश."

मुली वळल्या. वळण्याच्या क्षणभर आधी प्रत्येकीचा डावा गुडघा किंचित आत पडला. गुडघ्यामागची आडवी घडी तिरकी झाली, कंबर त्या बाजूला थोडी बसली, मग काहीच न घडणारा एक क्षण... आणि मग वळण. सगळ्यांचं हे इतकं एकसारखं झालं की आपलीच पापणी लवली असावी, असं तिला वाटलं.

"पुन्हा."

पुन्हा तेच. एका ओळीतल्या दारांच्या कड्या एकाच वाऱ्याने हलाव्यात, तसे गुडघे.

"खांदा," ती म्हणाली, "हे गुडघ्याचं काय चाललंय?"

वर्गाची एक रीत होती, अर्थात तिनेच घातलेली. मुलीला नावाने हाक मारायची नाही, दोषाने मारायची. जिचा खांदा कानाकडे चढतो ती खांदा, जिची टाच वेळेआधी सुटते ती टाच, जी तालाच्या पुढे धावते ती घाई. दोष गेला की हाक बदलते, म्हणजे पुढच्या दोषाकडे सरकते. कारण पुढचा दोष असतोच. हे निर्दयपणाचं आहे असं एका आईने एकदा डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, तेव्हा तिने उत्तर दिलं होतं की इस्पितळातही रोग्याला आजाराने ओळखतात, त्यावाचून त्याचं बरं होणं अडत नाही. ती आई पुन्हा आली नाही. मुलगी मात्र येत राहिली. आज ती हनुवटी आहे.

"कुठलं, बाई?" खांदा म्हणाली.

"वळणाच्या आधी आत पाडता तो. सगळ्याच्या सगळ्या."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मग टाचेने, म्हाताऱ्या माणसाची समजूत काढावी तशा आवाजात, सांगितलं, "ती थबक आहे, बाई."

"काय आहे?"

"थबक. आम्ही थबक म्हणतो. तुम्ही घेता ना वळणाआधी, ती. नव्या मुलींना आपली ही चोख शिकवते ती, जिन्यात. ती आल्याशिवाय वळण आपल्या वर्गाचं वाटत नाही."

"मी घेते."

"बाईंना ठाऊक आहे गं सगळं," हनुवटी कुजबुजली, "फिरकी घेतायत आपली." कोणीतरी हसलं.

चोख हसली नाही. पहिल्या ओळीत अगदी मध्यभागी उभी राहून ती डाव्या गुडघ्याची आतली बाजू अंगठ्याने घासत होती, डाग काढावा तशी. मागे वळून पाहताना बाईंची नजर तिथे आहे हे दिसताच तिने हात काढून घेतला. ही मुलगी आली तेव्हा घाई होती, नंतर मान झाली, नंतर मनगट. आणि गेलं वर्षभर तिला कुठल्या नावाने हाक मारावी हे बाईंना सुचलेलं नव्हतं. चोख हे नाव मुलींनी ठेवलेलं, अर्धं कौतुकाने आणि अर्धं जळून. उद्या सकाळी चोख शहरातल्या मोठ्या नृत्यमंडळाच्या निवडीला उभी राहणार होती. या खोलीतून तिथवर आजपर्यंत कोणी गेलं नव्हतं.

"जा आता," ती म्हणाली. "चोख, संध्याकाळी ये."

...

घरी जाताना ती उतारावरून नेहमीसारखी डावा हात भिंतीला लावून चालली, आणि चालताना तिने या गोष्टीची मांडणी करून पाहिली. सोबत चालणाऱ्या दोन गाड्यांतल्या माणसांना एकमेकांची गती दिसत नाही. मी पुढे वळत होते, त्या मागे वळत होत्या. माझा गुडघा ज्या क्षणी आत पडे त्याच क्षणी त्यांचा पडे, आणि आरशात बघणाऱ्या मला सगळं जागच्या जागी दिसे. इतकं सरळ होतं ते. नृत्य सोडून पोट भरण्यासाठी काही वर्षं तिने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं, आणि तिथे दर वर्षी पहिल्याच तासाला ती मुलांना बजावत असे, की मोजण्यापूर्वी उपकरणाचा शून्य शून्यावर आहे का ते पाहा. तो सरकलेला असेल तर प्रत्येक वाचन तेवढ्यानेच चुकेल. वाचनं एकमेकांशी सुरेख जुळतील, आलेख देखणा येईल, आणि तुम्ही जन्मभर काटेकोरपणे चुकत राहाल... मुलं ते वाक्य वहीत उतरून घेत. तीही हसून पुढे जात असे. उपकरण म्हणजे काचेच्या कपाटातली वस्तू, एवढंच तेव्हा मनात असे.

प्रतिभा, देणगी, आतून येणं — या शब्दांची तिला चीड होती. ज्यांना कारण सापडत नाही ते हे शब्द वापरतात. नृत्यात जे सांगता येतं, तपासता येतं, दुसऱ्या शरीरात पुन्हा घडवता येतं, तेवढंच नृत्य. बाकी सगळी घामाची वाफ. तंत्र नसेल तर नाचणाऱ्याबरोबर नाच जळून जातो. तंत्र असेल तर तो पुढच्या देहात जातो, कणभरही न सांडता. कणभरही न सांडता — हे तिने कितीदा म्हटलं असेल. आणि खरंच, काही सांडलं नव्हतं.

गुडघा गेला तो नाचाचा प्रयोग तिला आठवतो तो एका खोकल्यामुळे. प्रेक्षागारात तिसऱ्या की चौथ्या रांगेत कोणाला तरी ढास लागली होती, आणि त्या ढासेखाली गुडघ्यातला आवाज झाकला गेला — ओली फांदी पिळल्यासारखा आवाज, जो फक्त तिने ऐकला. नाच तिने पुरा केला. गुडघ्याच्या आतल्या बाजूची कूर्चेची गादी फाटली आहे, डॉक्टर म्हणाले, आता नाचाचं विसरा. तिने विसरण्याचा विचार केला नाही. भाराचा विचार केला. आतली बाजू भार घेत नसेल तर तो बाहेरच्या बाजूला पाठवायचा. गुडघा किंचित आत पाडला की आतला सांधा उघडतो, फाटलेली गादी चेपत नाही. मग एक क्षण थांबायचं, सगळं जागेवर बसलं आहे याची खात्री करायची, आणि वळायचं. स्वयंपाकघरात, ओट्याला धरून, ती हे शिकली. पुढच्या प्रयोगानंतर एका जाणकाराने लिहिलं की वळणापूर्वीच्या त्या निमिषार्धात देह जणू स्वतःचीच परवानगी मागतो. ते वाचून ती आणि तिची थोरली बहीण ताई आठवडाभर हसत होत्या. देह परवानगी मागत नव्हता. देह कमी दुखणारी जागा शोधत होता.

ती घरी पोचली तेव्हा ताई जेवायला बसली होती. जन्मभर तिने परिचारिकांना शरीररचना शिकवली, आणि निवृत्त झाल्यापासून ती प्रत्येक घास स्नायूंची नावं घेतल्यासारखा सावकाश चावत असे.

"ताई, धडधाकट गुडघ्याने माझं वळण घेतलं तर काय होईल?"

"धडधाकट गुडघा तुझं वळण कशाला घेईल? त्याला काय धाड भरलीय?"

"शिकवलं तर."

ताईने चावणं थांबवलं. मग समजल्यासारखं पुन्हा सुरू केलं. "म्हणजे तुझा गुडघा आता पिढीजात झाला म्हणायचा. लग्नाशिवाय वारस. भल्याभल्यांना जमत नाही."

"थट्टा नको गं."

"थट्टा कुठे. पाऊल राळेने चिकटलेलं, वरचं धड फिरतंय, मध्ये गुडघा आत पडलेला. कपडा पिळताना मध्ये बोट आलं तर बोटाचं काय होतं? तुझी तर गादीच गेलेली होती, तुला तो उपाय होता. चांगल्या गुडघ्याला तो आजार आहे. हाडं बांधून ठेवणारा आतला बंध रोज थोडा ताणला जाईल, आणि एक दिवस जाईल. दुखतंय का कोणाला?"

"एकीला. उद्या निवड आहे तिची."

"मग आज सांग."

"आज सांगितलं तर उद्या वळण मोडेल. अंगात मुरलेलं एका संध्याकाळीत निघत नाही. मधेच लटकेल ती, ना हे ना ते."

"आणि नाही सांगितलंस तर गुडघा मोडेल." ताईने ताट पुढे सरकवलं. "तुझ्या वेळी तू काय निवडलंस ते मी पाहिलंय. पण तेव्हा गुडघा तुझा होता, बाई."

बाई — ताई तिला रागावली की बाई म्हणत असे, वर्गातल्या मुलींच्या सुरात.

दुपारी ताई आडवी झाल्यावर ती मधल्या बोळात उभी राहिली आणि दाराची चौकट धरून सरळ वळण घेण्याचा प्रयत्न केला. नितंब, गुडघा, पायाचा अंगठा एका रेषेत. भार आधी पुरता पोचू द्यायचा. टाच सुटण्याआधी धड फिरवायचं नाही. सगळं ठाऊक होतं. गुडघा आत पडला. पुन्हा केलं; पडला. गुडघा दुखेल म्हणून नव्हे — तो दुखण्याच्या आधीच पडत होता, शिकवलेल्या जनावरासारखा. तर मग मला जे येत नाही ते मला शिकवायचं आहे. याची तिला लाज वाटायला हवी होती. उलट तिला हुरूप आला. जन्मभर तिने हेच तर म्हटलं होतं — तंत्राला गुरूच्या देहाची गरज नसते, नेमके शब्द पुरे असतात. आता चाचणी होईल. आणि त्या हुरूपाच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, ज्याच्याकडे तिने पाहिलं नाही: नाही निघणार ते. वर्षानुवर्षांचं मुरलेलं, असं शब्दांनी थोडंच निघतं...

...

संध्याकाळी चोख वेळेआधी आली, बूट घातले, राळ रगडली, आणि आरसा नसलेल्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"इकडे वळ. माझ्याकडे," ती म्हणाली. "आज मी करून दाखवणार नाही. ऐक आणि कर. थबक काढायची."

"काढायची?"

"ऐक फक्त."

तिने सांगितलं. एक एक सांधा, एक एक क्षण; कुठलीही उपमा न वापरता, कारण उपमा म्हणजे चोरवाट. चोखने डोळे मिटून ऐकलं. पहिलं वळण अडखळलं, दुसऱ्यात गुडघा पडता पडता थांबला, आणि त्याच्या पुढचं सरळ आलं. भार पोचला, टाच सुटली, देह आपल्या अक्षाभोवती फिरून जागेवर येऊन थांबला, आणि वळण कधी सुरू झालं ते दिसलंच नाही.

इतकंच? इतकंच. पिढीजात म्हणून जे दुपारी चेष्टेवारी नेलं होतं, ते हातमोज्यासारखं निघून आलं होतं. तंत्राच्या बाजूने याहून मोठा पुरावा तिला आयुष्यात मिळाला नव्हता. वळण निर्दोष होतं. त्यात ती कुठेच नव्हती. उद्या निवड करणारे ते पाहतील, आणि ही मुलगी कोणत्या खोलीत, कोणाच्या मागे उभं राहून वाढली, याचा माग त्यांना नखाएवढाही लागणार नाही.

"कसं वाटलं?"

"हलकं," चोख म्हणाली, आणि तिचा चेहरा डोक्यावरचं ओझं उतरवलेल्या माणसासारखा झाला होता. मग ती जरा घुटमळली. "पण बाई, हे तर कुठेही शिकवतात. असं केलं तर ते म्हणतील, छान, आणि पुढचीला बोलावतील."

"गुडघा दुखतो तुझा?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस."

"थोडा." चोखने पायाकडे पाहिलं. "चालायचंच. तुमचाही थबकेनेच गेला ना? मुली म्हणतात, बाईंनी त्या एका थबकेसाठी गुडघा दिला. तुम्ही कुठे थांबलात."

खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं.

उलट आहे ते, मुली. एवढंच म्हणायचं होतं. थबकेने गुडघा गेला नाही; गुडघा गेला म्हणून थबक आली. कारण आणि कार्य यांची फक्त जागा बदलायची. विद्यार्थी हीच चूक करतात, सगळ्यात सामान्य चूक, आणि ती दुरुस्त करायला शिक्षकाला एक श्वास पुरतो. वाक्य तयार होतं. व्याकरणशुद्ध होतं. ते म्हटलं की थबक ही थबक राहणार नाही, लंगडणं होईल. जिन्यात शिकवलेलं, जपलेलं, मिरवलेलं लंगडणं. आणि जाणकाराने जिथे परवानगी मागणारा देह पाहिला होता तिथे सुजलेला सांधा उरेल. आणि ही मुलगी... ही माझ्याकडे ज्या नजरेने पाहते आहे, ती नजर कुठे जाईल? आधी कीव येईल. कीव मी सहन करीन का? ताईची तरी केली आहे का कधी?

"आता थबक घेऊन कर," ती म्हणाली. "दोन्ही शेजारी ठेवून पाहू."

चोखने केलं. गुडघा आत पडला, आणि त्या काहीच न घडणाऱ्या क्षणात तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं — ओठांच्या कडा आत ओढल्या गेल्या, डोळे समोर असून कुठेच नव्हते — आणि मग वळण आलं, जणू त्यातून सुटका म्हणून. ती स्टुलावर पुढे सरकली. सकाळी सगळ्या मुलींच्या गुडघ्यांनी हेच केलं होतं आणि ते नुसतं एक वळणाआधीचं थांबणं होतं, नकलेसारखं, आतून पोकळ. हे तसं नव्हतं. हा गुडघा खरोखरच जागा शोधत होता. आतला बंध ताणला गेला होता, त्याला पुढची हालचाल नको होती, आणि देह ती तरीही करणार होता. त्यामुळे तो थांबत होता, जसा तिचा स्वतःचा थांबला होता, त्याच कारणाने, तेवढाच. इतकी वर्षं या खोलीत कार्य होतं आणि त्याला कारण नव्हतं. आता कारण मिळालं होतं.

मग हे सुंदर आहे. नाकारण्यात अर्थ नाही. समोर आहे, पाहता येतं, पुन्हा घडवता येतं.

"पुन्हा," ती म्हणाली.

चोखने पुन्हा केलं.

"आता थबकेशिवाय." ते झालं, हलकं, स्वच्छ, कोणाचंही. "आता घेऊन. पुन्हा."

कुठलं बरं आहे हे ठरवण्यासाठी आपण पाहत आहोत, असं ती स्वतःला सांगत होती, आणि काही वेळाने तिच्या ध्यानात आलं की थबकेशिवायचं वळण तिने मघापासून मागितलेलंच नाही. पायाकडेही ती पाहत नव्हती. ज्याला ती खोटारडा म्हणत आली त्या चेहऱ्याकडे पाहत होती. ओठांच्या कडा आत जाण्याची वाट पाहत होती, समेची पाहावी तशी, आणि त्या दर वेळी बिनचूक त्याच जागी येत होत्या. मुलीच्या कपाळावर घाम होता. एकदा वळणानंतर तिने पटकन भिंतीला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"बाई," चोख म्हणाली, श्वास सावरत. "उद्या कुठलं करू?"

तिने उत्तरासाठी तोंड उघडलं, आणि त्याआधी, सवयीने, स्वतःची तपासणी करून पाहिली. अपराधी वाटायला हवं होतं ती जागा तिने चाचपली. तिथे काही हललं नाही. तिथे फक्त एक स्वच्छ, थंड कुतूहल होतं, वाचन घेताना काट्यावर डोळा ठेवताना असतं तसं: हा बंध आणखी किती ताण घेईल. हे आपलंच आहे, आणि याची आपल्याला भीती वाटली पाहिजे, हे तिला अगदी स्पष्ट कळत होतं. मुलगी उभी होती, भार उजव्या पायावर घेऊन, तिच्या तोंडाकडे पाहत. स्टुलावर बसून ती भीतीची वाट पाहत राहिली. भीती अजून येत नव्हती.